मेणबत्तीवरची साय

१

पहिलं कडवं संपायच्या आतच मेणबत्त्यांनी धूर ओकायला सुरुवात केली.

सभागृह नुकतंच रंगवलेलं होतं. छत इतकं पांढरं की वर बघितलं तर डोळे दिपावेत. उद्घाटनाच्या संध्याकाळी विजेचे दिवे बंद ठेवायचे, रंगमंचावर फक्त बारा उंच मेणबत्त्या लावायच्या आणि त्यांच्या उजेडात मुलांनी गायचं, असा बेत होता. मेणबत्त्या अस्सल मधमाशीच्या मेणाच्या, शहरातल्या एकुलत्या एका जुन्या कारखान्यातून मागवलेल्या. असली मेणबत्ती धूर करत नाही, वाकत नाही, ओघळत नाही. म्हणून तर तिची किंमत चौपट.

आणि त्या मेणबत्त्यांच्या ज्योती आधी बोटभर झाल्या, मग वीतभर. काळ्या धुराच्या दोऱ्या सरळ छताला जाऊन भिडल्या. थोड्या वेळाने एकेक मेणबत्ती कमरेत वाकू लागली. गाणं संपायच्या आधीच नमस्कार करून निघायची त्यांना घाई झाली होती म्हणा ना. मुलं खोकायला लागली, गाणं मधेच विझलं, आणि पांढऱ्याशुभ्र छतावर बारा काळे ढग उमटले.

प्रेक्षकांत पहिल्या रांगेच्या टोकाला बाई बसल्या होत्या. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या शिक्षिका. गाणं बसवलं होतं त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी. नव्या बाईंच्या वर्गातून हसण्याचा आवाज येतो, मुलं मधाच्या बोटामागे फिरावीत तशी त्यांच्यामागे फिरतात, हे बाईंच्या कानावर आलं होतं. आणि आलं तेव्हापासून कानात पाणी गेल्यासारखं आत सळसळत राहिलं होतं. धूर निघाला तशा सगळ्यांच्या माना वर गेल्या. बाईंची मान मात्र आधी नव्या बाईंकडे वळली. त्यांचा चेहरा कसा पडतो ते बघायला.

मग स्वतःचीच लाज वाटून त्यांनी नजर काढून घेतली. तेव्हा त्यांना दिसलं की आणखी एक जण वर बघत नाहीये. कारखान्याच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे आत्या म्हणत, त्या शेजारी बसलेल्या आपल्या भाचीकडे बघत होत्या. पोरीला धक्का बसला असेल, म्हणून बघत असतील, बाईंना वाटलं.

मेणबत्त्या केल्या होत्या भाचीने. आत्यांच्या भावाची ही मुलगी लहानपणापासून आत्यांकडेच वाढली, आत्यांच्याच हाताखाली शिकली.

सभागृहाचे अध्यक्ष तरातरा रंगमंचावर चढले. त्यांनी एक मेणबत्ती विझवून उलटी केली. बुडाशी मधमाशीचा शिक्का होता.

"बघा! शिक्का बघा आणि माल बघा!" ते ओरडले. "चांगली टोपी घातली आम्हाला!"

भाची उठून उभी राहिली. तिच्या ओठांना रंग उरला नव्हता. "साहेब, हे मेण माझं नाही."

"मग शिक्का कुणाचा आहे?"



२

त्या शिक्क्याची गोष्ट सगळ्या शहराला ठाऊक होती. पितळेचा, अंगठ्याएवढा. तो ज्याच्या हाती, कारखाना त्याचा. आत्यांनी आयुष्यभर तो कमरेच्या किल्ल्यांत अडकवून वागवला होता, कामापुरता तेवढा त्या तो कारखान्यात काढून देत, आणि येत्या रविवारी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तो द्यायचा ठरवला होता. पोटच्या मुलाला नाही, भाचीला. आता आत्या म्हणाल्या होत्या, "शिक्का कुणालाच नाही. कारखान्याला कुलूप लागेल. पोरीने दुसरीकडे काम बघावं."

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या खोलीत बाईंचा वर्ग भरला होता. निवृत्त झाल्यावरही बाई हौसेने मुलांना इंग्रजी शिकवत.

"समजा," बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला टाकाऊ माल चांगला म्हणून विकला. काय म्हणाल?"

"गंडवलं!"

"चुना लावला!"

"माथी मारलं!"

"माझे बाबा म्हणतात, मामाने गाडी गळ्यात मारली," एक जण म्हणाला. "आई तिथेच बसलेली असते तरी म्हणतात."

हशा ओसरू देऊन बाई म्हणाल्या, "इंग्रजी माणूस म्हणतो, मला कुत्र्याचं पिल्लू विकलं."

"त्यात काय वाईट? पिल्लू गोड असतं."

"असतं. पण पैसे दिले होते डुकराच्या पिल्लाचे. अशी गोष्ट सांगतात, की बाजारात पोतं बांधून द्यायचे. आत काहीतरी वळवळतंय, कुईकुई करतंय, गिऱ्हाईक खूश. घरी जाऊन गाठ सोडावी तर कुत्रं! कधी मांजर. म्हणून पोत्यात न बघता घेऊ नये, असंही इंग्रजीत म्हणतात. आणि किराणावाला लबाड असला तर तो साखरेत वाळू घालतो म्हणतात. पण मला सगळ्यांत आवडतो तो लाकडाच्या जायफळाचा वाक्प्रचार. लाकूड कोरून हुबेहूब जायफळ करायचं आणि खऱ्यांत मिसळून विकायचं."

मागच्या बाकावर एक शंकेखोर मुलगी बसायची. तिचा हात वर गेला नाही असा तास जात नसे. "बाई, एवढंसं जायफळ हुबेहूब कोरायचं म्हणजे केवढी मेहनत! एवढं कसब असलेला माणूस बुद्धिबळाची प्यादी का विकत नाही? पैसे जास्त मिळतील की."

बाईंनाही प्रश्न पडला. खरंच, का विकत नाही?

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून खो खो हसण्याचा आवाज आला. नव्या बाईंचीही तिथे गाण्याची तालीम असे. चार-पाच मुलांच्या माना भिंतीकडे वळल्या. बाईंनी खडू उगाचच जोरात पेटीत टाकला.

"प्रश्न चांगला आहे. मी विचार करते. पळा आता."

मुलं पळाली आणि दारात भाची दिसली. कागदात गुंडाळलेली, अर्धी जळालेली मेणबत्ती तिने छातीशी धरली होती.

"बाई, तुम्ही शाळेत म्हणायचात, आधी वाक्य नीट वाच, मग अर्थ लाव. मला हे वाचता येत नाहीये." तिचा आवाज फाटला. "रविवारी मला घराबाहेर पडायचंय. आणि कारखान्यात माझ्याशी कुणी धड बोलत नाही. आत्या तर... आत्या फार प्रेमाने बोलते. तेच सहन होत नाहीये."

३

कारखान्यात शिरताच मधाचा वास आला. एका बाजूला वितळलेल्या मेणाची उंच पिंपं, वर लाकडी चौकटींना टांगलेल्या वाती. वात पिंपात बुडवायची, वर काढायची, गार होऊ द्यायची, पुन्हा बुडवायची. थरावर थर चढत मेणबत्ती जाड होत जाते.

भाचीने सुरी तापवून जळकी मेणबत्ती आडवी कापली. बाई चष्मा पुसून वाकल्या. आत कांद्यासारखे पापुद्रे होते. मधले पांढरे, बाहेरचे पिवळे.

"आत पॅराफिन," भाची म्हणाली. "स्वस्तातलं मेण. वरचे थर तेवढे मधमाशीच्या मेणाचे. म्हणून वास बरोबर आला, रंग बरोबर दिसला."

"मेणवाल्याने भेसळ केली असेल का गं?"

"ओ बाई!" कोपऱ्यात मेणाच्या वड्या उतरवणारा मेणवाला ताडकन वळला. "भेसळ केली असती तर सगळीकडे सारखी मिसळली असती. आत एक नि बाहेर एक कशी होईल? माझ्या मधमाश्यांची शपथ!"

"मधमाश्यांची कशाला घालता, त्या बिचाऱ्या कामावर आहेत," बाई म्हणाल्या. "पटलं मला. मग बाजारातली पांढरी मेणबत्ती आणून तिला वरून मेण चढवलं असेल?"

भाचीने मान हलवली. "बाजारातली साच्यात ओततात. ती आतून सपाट असते. ही आतपासून बुडवून केलीय."

"इथे बुडवता कुणाकुणाला येतं?"

"मला. पूर्वी आत्याला. पण तिचे हात कापायला लागल्यापासून तिने चौकट उचललेली नाही."

"आणि दादाला?" दादा म्हणजे आत्यांचा मुलगा.

"दादाने बुडवलेली मेणबत्ती म्हणजे गाजर. वर बारीक, खाली फुगीर. म्हणून तो साच्यातल्या करतो. घुबडं, मासे, शंख." भाचीने कापलेला तुकडा उजेडात धरला आणि तिचा आवाज खाली गेला. "बाई, हे थर अगदी माझ्यासारखेच पडलेत."

बाईंनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "धूर का झाला?"

"वातीमुळे. आमच्या मेणाला जाड वात लागते. तीच पॅराफिनला घातली की भडका उडतो नि धूर होतो. पॅराफिनला बारीक वात घालायची, हे इथे झाडणारीलाही माहीत आहे."

"म्हणजे ज्याने हे केलं त्यालाही माहीत होतं."

"असणारच."

"तरी त्याने जाडच घातली."

तेवढ्यात जिन्यावरून आत्या आल्या. हातातल्या बशीत कप किणकिणत होता. चहा अर्धा बशीत सांडलेला.

"कशाला त्रास घेताय, बाई? पोर आहे. चुकली असेल."

"आत्या, मी नाही गं केलं!"

"मी कुठे म्हटलं केलंस? कामाच्या घाईत पिंपं बदलली असतील. माझ्या वेळेला असं व्हायचं नाही, एवढंच." आत्यांनी भाचीच्या केसांवरून हात फिरवला. "रडू नकोस."

मेणवाल्याला राहवलं नाही. "आत्या, तुमच्या तोंडावर सांगतो, असा हात या कारखान्याने पूर्वी बघितला नव्हता. ही पोर चुकणारी नाही."

"खरंय," आत्या हसून म्हणाल्या. "सगळे तेच म्हणतात."

कप पुन्हा किणकिणला. बाईंना वाटलं, हे हसणं आपण कुठेतरी बघितलंय. कुठे, ते मात्र त्यांना आठवेना. आठवलं तेव्हा दुसऱ्या दिवशी त्या सभागृहाच्या पायऱ्या चढत होत्या, आणि पाय जागीच थबकले. ते हसणं त्या रोज सकाळी आरशासमोर करून बघत. नव्या बाई समोर आल्या तर तोंडावर असावं म्हणून.

४

सभागृहाचा राखणदार शिडीवर चढून छत घासत होता आणि अख्ख्या जगाला शिव्या घालत होता.

"मला काय विचारता? माझ्या कोटाचं काय झालं ते विचारा! उद्घाटन म्हणून काळा कोट घालून आलो. पेटी उघडली, कागद सोडले, तर मेणबत्त्या पांढऱ्याफट. एकेक उचलून मांडेपर्यंत मी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसायला लागलो. अध्यक्ष म्हणाले, आधी जाऊन कोट झटक."

बाईंनी बरोबर आलेल्या भाचीकडे बघितलं. "मेणबत्ती पांढरी पडते?"

"पडते. आम्ही साय म्हणतो. अस्सल मेण काही महिने ठेवलं की अंगावर पांढुरकी साय धरते. खऱ्या मालाची ओळख आहे ती. पण नव्या गिऱ्हाइकांना बुरशी वाटते. म्हणून मी हल्ली मऊ फडक्याने पुसून, चकचकीत करून पाठवते. याही बारा पुसूनच बांधल्या होत्या."

"नंतर पुन्हा धरली असेल."

"इतक्या लवकर नाही धरत. आणि बाई, साय कोटाला लागत नाही."

न जळलेला एक तुकडा कोपऱ्यात पडला होता. वाकून मोडलेल्या मेणबत्तीचं बूड. शिक्क्याच्या खाचेत पांढरं अडकलं होतं. भाचीने तो तळव्यात घट्ट धरला, वरून फुंकर घातली, उबवला.

"खरी साय उबेने जाते. बघा."

मूठ उघडली. पांढरं होतं तसंच होतं.

तिने बोटाच्या टोकाने ते चोळलं. गुळगुळीत, बुळबुळीत. "शंखजिऱ्याची भुकटी," ती म्हणाली.

"कुठे वापरता ही?"

उत्तर द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. "साच्याला मेण चिकटू नये म्हणून आतून लावतात. दादाच्या टेबलावर पोतं असतं."

दोघी कारखान्यात परतल्या तेव्हा दादाच्या टेबलावर घुबडं गार होत होती. खाली शंखजिऱ्याचं पोतं उघडं होतं. दादा दांडगा, गलेलठ्ठ, बोलायला तिखट. दुकानातली विक्री त्याच्याकडे. शिक्का भाचीला जाणार हे ठरलं त्या दिवशी त्याने दुकानात सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "मी मुलगा की गिऱ्हाईक?"

बाईंनी मेणाचा तुकडा त्याच्यासमोर ठेवला. "दादा, ही भुकटी तुझ्या पोत्यातली आहे."

दादाने तुकडा उचलला, फिरवला, खाचेतलं पांढरं नखाने खरवडलं. त्याचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. मग तो जिन्याकडे, वरच्या मजल्याकडे बघत म्हणाला,

"मीच केलं. बोलवा अध्यक्षांना."

५

"का केलंस?" बाईंनी विचारलं.

"का म्हणजे? जळफळाट झाला. कारखाना आईचा, आणि शिक्का हिला. लोक हिचं कौतुक करणार, मी आपली घुबडं विकून पैसे मोजणार. कारण कमी पडतंय का?"

"कारण भरपूर आहे," बाई म्हणाल्या. "एक मेणबत्ती बुडवून दाखव."

"आत्ता?"

"आत्ता. बारा केल्यास ना? तेरावी जड जाणार नाही."

दादा पिंपाशी गेला. वात बुडवली, काढली, हिसका दिला, पुन्हा बुडवली. गार व्हायला तो थांबेना. कपाळावरून घाम गळत होता. थोड्या वेळाने चौकटीला एक पोक काढलेलं, खाली फुगलेलं पिवळं गाजर लोंबत होतं.

भाचीला त्या अवस्थेतही हसू फुटलं आणि मागोमाग रडू. "दादा, तू का खोटं बोलतोयस? माझ्यासाठी नक्कीच नाही."

"तुझ्यासाठी? तुला मी शिळं पाणीसुद्धा देणार नाही," दादा म्हणाला. पण त्याचा आवाज ओला होता.

"अजून एक सांग," बाई म्हणाल्या. "दुकानात साय धरलेली मेणबत्ती दिसली की तू काय करतोस?"

"पुसतो. शर्टाच्या बाहीने. कितीदा बोलणी खाल्ली आहेत त्यापायी. आई म्हणते, साय पुसणं म्हणजे..."

तो थांबला. वाक्य अर्धं राहिलं आणि कुणीच ते पुरं करायला सांगितलं नाही. भाचीने पिंपाचा काठ धरला. थर आपल्यासारखेच का पडलेत, हे तिला कालच कळलं होतं आणि कळायला नको होतं. तिचा हात ज्या हाताने घडवला, त्याच हाताचे ते थर.

बाईंना मात्र आता मागच्या बाकावरच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं होतं. त्या जिन्याकडे वळल्या.

"तुम्ही दोघं इथेच थांबा."

६

दुपारचं लख्ख ऊन होतं, तरी आत्यांच्या खोलीचे पडदे ओढलेले होते. टेबलावर एक उंच मेणबत्ती जळत होती. ज्योत सरळ, धूर नाही, एक थेंब ओघळलेला नाही. शेजारी उघड्या पेटीत तशाच आणखी काही, आणि चार-दोन थोटकं.

आत्या दचकल्या नाहीत. "बसा," म्हणाल्या.

बाई बसल्या. वर्गात अवघड धडा काढताना बोलत तशा सावकाश बोलू लागल्या.

"मी मुलांना फसवणुकीचे वाक्प्रचार शिकवत होते, आत्या. पोत्यातलं कुत्रं, साखरेतली वाळू. त्या सगळ्या गोष्टींत विकणाऱ्याला एकच भीती असते, माल उघडा पडण्याची. इथे उलटं होतं. ज्याला इतकं सुरेख बुडवता येतं, त्याला वातीची जाडी कळत नाही? कळते. त्याला धूर हवाच होता. आणि तो पेटी उघडताना नको होता, भरल्या सभेत हवा होता. म्हणून वर चांगल्या मेणाचे थर. एक मुलगी मला म्हणाली, इतकं कसब असलेला माणूस लाकडाचं जायफळ कशाला कोरेल? पैशासाठी नाही कोरणार. पण खऱ्या जायफळवाल्याला खोटं पाडायचं असेल, तर कोरेल."

"दादाचंही हिच्याशी पटत नाही," आत्या शांतपणे म्हणाल्या. "भुकटी त्याच्या टेबलावरची आहे."

"भुकटीचा विषय मी काढलाच नव्हता."

आत्यांनी पेटीचं झाकण अर्धवट ओढून घेतलं.

"ती भुकटीच चुकली तुमची," बाई म्हणाल्या. "भाची मेणबत्त्या पुसून पाठवते. तुम्ही त्या नुसत्या गुळगुळीत ठेवल्या असत्या, तर तिच्या मेणबत्त्यांसारख्याच दिसल्या असत्या आणि मला काहीच कळलं नसतं. सायीची गरज नव्हती. दादा साय पुसतो, भाची पुसते. या घरात ती हवी असलेली व्यक्ती एकच आहे."

"मग काय नागडी पाठवू?" आत्या एकदम उसळल्या. "माझ्या हातची मेणबत्ती, सायीवाचून, चारचौघांत?"

शब्द तोंडातून गेले होते. आत्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. ते थरथरत नव्हते.

"चहाचा कप धरला की कापतात," त्या म्हणाल्या. "चौकट धरली की नाही कापत. मलाही नवल वाटलं. सगळे कारखान्यातून जेवायला जायचे तेव्हा करायचे मी. खूप दिवसांनी इतकं बरं वाटलं होतं." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला संशय कधी आला?"

"सभागृहातलं आठवलं तेव्हा. सगळे छताकडे बघत होते. तुम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघत होतात."

"आणि तुम्हाला ते कसं दिसलं? तुम्हीही वर बघत नव्हतात वाटतं?"

बाईंनी पदर सारखा केला. खोटं बोलता आलं असतं. "मी नव्या बाईंचा चेहरा बघत होते," त्या म्हणाल्या. "गाणं बुडालं याचा मला आनंद झाला होता. मुलं खोकत होती, तरी झाला होता."

मग आत्या बोलू लागल्या, बाईंशी कमी आणि ज्योतीशी जास्त.

"तिला पहिल्यांदा वात हातात दिली तेव्हा ती या टेबलाएवढी होती. सगळं दिलं मी तिला. हातचं राखून काही ठेवलं नाही. मग लोक यायला लागले. 'आत्या, भाचीने केलेल्या द्या हं.' माझ्यासमोर! आत्याने शिकवलं म्हणून ती करते, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. शिक्का द्यायचं मी मनापासून ठरवलं होतं हो. पण दिवस जवळ यायला लागला तशी झोप उडाली. रविवारनंतर मी कोण? जिन्यावरून चहा नेणारी म्हातारी." त्यांनी पेटीकडे बोट केलं. "बांधलेल्या पेटीतून बदलून घेतलेल्या तिच्या खऱ्या बारा इथे आहेत. फेकायला हात धजला नाही. रोज एक लावून बसते. बघत राहते, कुठे ओघळते, कुठे फडफडते, कुठे वात कलते. काहीतरी निघेलच की."

"निघालं?"

हा आवाज बाईंचा नव्हता. भाची दारात उभी होती. तिच्यामागे, बाहीने डोळे पुसत, दादा. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

आत्यांचा चेहरा क्षणात म्हातारा झाला. त्या उठायला गेल्या, पुन्हा बसल्या.

"काही निघालं का, आत्या?" भाचीने पुन्हा विचारलं. ती ओरडत नव्हती. परीक्षेचा निकाल विचारावा तसं विचारत होती.

आत्यांनी ज्योतीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"नाही."

भाची उंबऱ्यावरच बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडू लागली. सभागृहात ती अशी रडली नव्हती. इतक्या वर्षांत तिने केलेल्या प्रत्येक मेणबत्तीवर आत्या 'ठीक आहे' म्हणाल्या होत्या, फार तर 'चालेल'. दादाला काय करावं सुचेना. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि काढला, आणि पुन्हा ठेवला.

आत्यांनी कमरेच्या किल्ल्यांतून शिक्का सोडवला आणि तिच्यासमोर धरला. "घे. मी अध्यक्षांना सांगते, मी केलं म्हणून. छत रंगवून देईन. पाहिजे तर मला इथे ठेवू नकोस."

भाचीने नाक पुसलं. शिक्क्याला तिने हात लावला नाही.

"अध्यक्ष खाली आलेत. दादाने बोलावलंय," ती म्हणाली. "मेणवाला आहे, सगळे कामगार आहेत. चल खाली. धुराचं सांगशीलच, पण ते मागून. आधी आत्ता म्हणालीस ते म्हण. रोज एक लावून बघितलीस, आणि काही निघालं नाही. एवढंच. सगळ्यांसमोर."

"गुन्हा कबूल करणं सोपं आहे गं," आत्या म्हणाल्या. "हे अवघड आहे."

"ठाऊक आहे मला."

आत्या उठल्या. जिन्याच्या तोंडाशी त्यांचा हात पुन्हा कापू लागला. भाचीने तो धरला नाही. पण एक पायरी पुढे राहून, हळूहळू, त्यांच्या चालीने ती उतरू लागली.

खाली कारखान्यात बोलणी थांबली. आत्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, घसा खाकरला, आणि म्हणाल्या, "या मुलीचा हात माझ्यापेक्षा सरस आहे."